यंत्राला न दिसणारी गोळी

सोलापूरहून पुण्याकडे निघालं की हायवेच्या कडेला गाजर गवत दिसतं. 1950च्या दशकात पुण्यात नोंदवलं गेलेलं हे गवत आज राज्यभर आहे आणि त्याची अ‍ॅलर्जी असणारेही भरपूर. शिंका सुरू झाल्या की मेडिकलमधून सर्दीची गोळी घ्यायची. संध्याकाळी मित्रांसोबत एक बिअर झाली, तरी रात्री गाडी काढायला कुणाला काही वाटत नाही.

अ‍ॅलर्जीवरच्या या गोळ्यांचं मूळ पॅरिसमध्ये आहे. 1937 मध्ये दानिएल बोव्हे यांनी तिथे पहिलं अँटिहिस्टामिन शोधलं. हिस्टामिनमुळे नाकात शिंका येतात, पण मेंदूत तेच आपल्याला जागं ठेवतं. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधं मेंदूतही शिरतात, म्हणून पेंग येते. गाडी लागू नये म्हणून घेतात ती अ‍ॅव्होमिनही याच घराण्यातली. एसटीत मागे बसलेला झोपला तर बिघडत नाही, ड्रायव्हरचं तसं नाही. त्यात दारूही मेंदूला मंद करते. दोन्ही एकत्र आल्या की गुंगी वाढते आणि ब्रेकवर पाय जायला उशीर होतो.

आपल्याकडे 1939च्या मोटार कायद्यात दारू आणि औषध दोन्हींना एकच कसोटी होती: गाडीवर ताबा ठेवता येत नाही, इतका अंमल. पुढे दारूला आकडा मिळाला. 1994च्या दुरुस्तीपासून 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. औषधासाठी मात्र 1988च्या कायद्याच्या कलम 185 मध्ये ती जुनीच कसोटी राहिली. नाक्यावरचं यंत्र फक्त दारू मोजतं. एक बिअर आणि एक गोळी घेतलेला माणूस त्यातून सहज सुटू शकतो.

मग आपलं आपल्याला कळेल का? अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात 40 अ‍ॅलर्जीग्रस्त चालकांना सिम्युलेटरवर बसवलं. हा अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या पठडीतलं डायफेनहायड्रामिन घेतल्यावर त्यांचं ड्रायव्हिंग दारू प्यायल्यावरपेक्षाही बिघडलं. फेक्सोफेनाडिन या नव्या औषधाने तसा फरक पडला नाही. आणि किती झोप येतेय हे विचारून, कोण किती चुका करेल याचा नीट अंदाज बांधता आला नाही.

म्हणजे ‘मला काही होत नाही’ या वाक्याला अर्थ उरत नाही. गोळीच्या पाकिटावरचं औषधाचं नाव वाचा, झोप येते का हे केमिस्टला विचारा. गोळी घेतली असेल तर त्या रात्री दारू नको. दोन्ही झालं असेल, तर किल्ली दुसऱ्याकडे द्या.