पाठीमागचा रुपया

गेल्या दिवाळीत काकाने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. 'राणीछाप रुपया आहे का? दहा लाख मिळवा!' खाली नंबर. काकाने त्या नंबरवर आजीच्या माळेचा फोटो आधीच पाठवून दिला होता. नाणी अस्सल दिसतायत, नोंदणीचे साडेतीन हजार भरा, असं उत्तरही आलं होतं. चुलत बहिणीची नर्सिंगची फी भरायची होती आणि काका पैसे पाठवायच्या बेतात होता.

मी सांगितलं की ही फसवणूक आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर इशारा दिलाय. बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी लोकांकडून शुल्क, कमिशन, कर मागितले जातात, आणि बँक असा कुठलाही व्यवहार करत नाही. काका म्हणाला, "तू कॉम्प्युटरवाला. तुला नाण्यातलं काय कळतं?"

खरंच काही कळत नव्हतं. म्हणून शहापूरहून मुरबाडच्या बाजूला आजीकडे गेलो, सोबत शंभरावा भाग ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घेऊन.

माळेत सात रुपये होते. पाच व्हिक्टोरिया राणीचे, दोन पंचम जॉर्जचे. प्रत्येकाला वर चांदीची कडी डागलेली.

आधी थोडा इतिहास. आमच्या मुलखात चांदीची मोजदाद फार जुनी आहे. मुरबाडहून जुन्नरला चढणाऱ्या नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या हजारो कार्षापणांची यादी कोरलेली आहे. पेशवाईत तर एकाच बाजारात वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये फिरायचे. अंकुशी, चांदवडी, शिवाय इतर बरेच. प्रत्येकाचं वजन आणि कस थोडा वेगळा, म्हणून प्रत्येकावर बट्टा वेगळा. आपण नावाला बट्टा लागला म्हणतो, तो शब्द या हिशेबातलाच. सरकारी भरणा घेताना नाणी पारखायला पोतदार असायचा, बहुतेक सोनार. आज ते फक्त आडनाव उरलंय.

१८३५ साली कंपनी सरकारने हा गोंधळ मोडला. सगळ्या ब्रिटिश मुलखात एकच रुपया ठरला: वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. राणीछाप आणि पंचम जॉर्जचे १९४० पूर्वीचे रुपये याच मापाचे. त्यामुळे तपासायला एक पक्का आकडा मिळतो.

पण कडी डागलेली असल्यावर वजनाचा उपयोग काय? कडीने वजन वाढतं, झिजेने कमी होतं. लोहचुंबकाचाही फारसा फायदा नाही. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण पितळ, शिसं, जर्मन सिल्व्हर यांपैकीही काही चिकटत नाही. चुंबकाने फक्त लोखंड पकडलं जातं.

उरते घनता. काट्यावर पाण्याची वाटी ठेवायची, आकडा शून्य करायचा, आणि नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरायचं. काट्यावर दिसतं ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. रुपयाच्या चांदीची ती साधारण १०.३ यायला हवी. कडीही चांदीचीच, त्यामुळे फार फरक पडत नाही.

पहिला रुपया कडीसकट १२.०५ ग्रॅम, पाणी १.१७. भागाकार १०.३. दुसरा तसाच, तिसरा तसाच. काका जवळ सरकून बसला. सहा रुपये झाले. सातवा माळेच्या मागच्या बाजूला, गाठीजवळ होता. त्यानेही पाणी १.१७ ग्रॅमच सारलं, पण त्याचं वजन होतं १०.१०. घनता ८.६. आकार तोच, चेहरा तोच, पण आत चांदी नाही.

मी तीनदा मोजलं. मग फरशीवर वाजवून पाहिला. बाकीचे सहाही कडी असूनही किणकिणत होते, हा बद्द वाजला. भिंगातून पाहिलं तर राणीच्या मुकुटाजवळ बारीक बारीक खड्डे, ओतीव कामात राहतात तसे. टांकसाळीत नाणं ओतत नाहीत, ठशाने छापतात.

आता आजीला कसं सांगायचं, हा प्रश्न होता. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "त्यो मागचा खोटा हाय, पोरा. म्हायतीय मला."

गोष्ट तिला तिच्या सासूने सांगितलेली. माझ्या पणजोबांनी म्हशाच्या यात्रेत बैल विकला होता. म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते, गुरांचा बाजार मोठा, माणसं लांबून येतात. दिवस मावळताना सौदा झाला, रुपये मोजून घेतले. घरी येऊन दगडावर वाजवले तेव्हा एक बोलला नाही. घेणारा तोवर बैलासकट गेला होता.

पणजोबांनी तो रुपया पुढे का चालवला नाही? कायदा शोधल्यावर मला त्यांची अडचण कळली. १८६० च्या भारतीय दंड विधानात कलम २४१ होतं. नाणं खरं समजून घेतलं आणि खोटं आहे हे मागाहून कळलं, तरी जाणूनबुजून दुसऱ्याला दिलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा नाण्याच्या दहापट दंड. सरकारी भरण्यात दिला, तर १९०६ च्या नाणे कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याला तो तिथेच कापायचा अधिकार. म्हणजे खोटा रुपया ज्याच्या हातात कळून आला, नुकसान त्याचं. आणि तो बहुतेक शेवटचा माणूस असायचा, ज्याच्याकडे ना काटा ना कसोटीचा दगड.

आजीचं कारण मात्र कायद्याचं नव्हतं. "दुसऱ्याच्या पोराच्या ताटात कशाला टाकायचा?" सासऱ्यांनी तेव्हा असं म्हटलं होतं म्हणे. बायकोने रुपयांची माळ करवली तेव्हा हा मागे गेला, पदराखाली.

माझा हिशेब इथे संपत नाही, कारण घनतेची परीक्षाही शेवटची नाही. १८९३ पर्यंत कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन थोडी मजुरी देऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. मग चांदीचा भाव जगभर घसरला आणि सरकारने ती सोय बंद केली. पुढे रुपयाची किंमत १६ पेन्सवर स्थिर झाली. रुपयातली चांदी मात्र त्याहून स्वस्त राहिली. म्हणजे पूर्ण वजनाच्या, खऱ्या चांदीचा खोटा रुपया पाडूनही फायदा होऊ लागला! असा रुपया पाण्यात पास होतो. तिथे अक्षरांचं वळण, मण्यांची किनार, कडेच्या रेघा हेच तपासावं लागतं. १८७७ पासून राणीच्या नावापुढे 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आलं. तारीख आणि पदवी जुळत नसेल तर समजायचं. खरंच दुर्मीळ काही वाटलं तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. ती कसारा घाट चढल्यावर फार लांब नाही, आणि व्हॉट्सॲपवरच्या नंबरपेक्षा नक्कीच जवळची. १९४० मध्ये तर सरकारनेच रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि कडेला नक्कल करायला अवघड अशी खास नक्षी दिली.

काकाला मी शेवटी एवढंच दाखवलं: एका खऱ्या रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. गुणिले आजचा भाव. दहा लाख नाहीत, दहा हजारही नाहीत. राणीछाप रुपये टांकसाळींनी कोट्यवधी पाडले, ते दुर्मीळ कसे असतील? काका बराच वेळ गप्प होता. मग त्याने तो नंबर ब्लॉक केला.

फीसाठी आजीने पुढचे दोन रुपये स्वतःच सोडून दिले. शहापूरच्या सराफाने वजन करून, वाजवून घेतले. उरलेले पैसे मी आणि काकाने घातले.

माळेत आता पाच रुपये आहेत. दोन कमी झाल्याने माळ वर सरकली आणि तो मागचा रुपया मानेजवळ दिसायला लागला. तो काढून टाकू का, असं मी विचारलं. आजी म्हणाली, "राहू दे. बैलाचा हाय त्यो."