शिशुवर्गाची पुस्तके व साहित्य कसे पारखावे?

मूल अडीच-तीन वर्षांचे झाले की आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे बासरला जाऊन सरस्वतीसमोर अक्षराभ्यास करतात. (बासर २०१६च्या पुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता निर्मल जिल्ह्यात आहे.) पाटीवर पहिले अक्षर गिरवले की शाळेचा शोध सुरू होतो आणि जूनमध्ये पुस्तकांचा संच हाती पडतो. तो संच मुलाच्या उपयोगाचा आहे की नाही हे कसे ओळखावे, याची माहिती मंडळातील पालक व आजी-आजोबांसाठी येथे दिली आहे.

मी शिक्षक नाही. बँकेत कर्जाची प्रकरणे तपासताना फाईल किती जाड आहे यापेक्षा आतले कागद काय सांगतात, हे पाहण्याची सवय लागली. माझा नातू साडेतीन वर्षांचा असताना शाळेने त्याला पाच पुस्तके आणि चार वह्या दिल्या. रोज रात्री वही पूर्ण करताना तो रडायचा. वर्षअखेरीस 'आय फॉर इग्लू' त्याला पाठ होते. पण शेतात नेले तेव्हा ज्वारीच्या कणसाला काय म्हणतात, हे त्याला मराठी, तेलुगू किंवा इंग्रजी, कोणत्याच भाषेत सांगता आले नाही. चूक त्याची नव्हती. आम्ही संच न उघडताच पैसे भरले होते.

थोडी पार्श्वभूमी

बालशिक्षणाचा विचार मराठी समाजाला नवा नाही. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालवाडीचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, हा अंगणवाडीचा विचार याच कामातून पुढे आला. महागडी साधने परवडणारी नव्हती. म्हणून बिया, खडे, पाने, शिंपले हेच तिथले साहित्य झाले. सरकारी एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. त्याचा अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. ३ ते ६ वयाच्या मुलांना ठरावीक पाठ्यपुस्तके नसावीत, खेळ, गोष्टी, गाणी व कृती यांतून शिकवावे, असे त्यात म्हटले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये एनसीईआरटीने काढलेला 'जादुई पिटारा' हा खेळणी, कोडी, चित्रे व गोष्टींचा संच याच विचारावर आहे.

संच तपासताना विचारायचे सात प्रश्न

१. बोलणे आधी की लिहिणे आधी? पहिल्याच पानापासून गिरवणे असेल, तर संच वयाला धरून नाही. आधी ऐकणे, बोलणे, चित्र पाहून सांगणे हवे.

२. हाताला काम आहे का? ओवणे, चिकटवणे, माती मळणे, बिया निवडणे यांनी बोटे तयार होतात. पेन्सिल त्यानंतर.

३. अंक वस्तूंतून येतात का? शंभरपर्यंत पाठ म्हणणे वेगळे आणि पाच चिंचोके मोजून देणे वेगळे.

४. चित्रांत आपला परिसर दिसतो का? कापूस, ज्वारी, बैलगाडी, पोळा, गुसाडी नाच यांतले काही असावे. परक्या गोष्टीही असाव्यात, पण केवळ त्याच नकोत.

५. शिक्षिकेसाठी मार्गदर्शिका आहे का? कृती कशी घ्यायची हे लिहिलेले नसेल, तर चांगले साहित्यही कपाटात पडून राहते.

६. प्रगती कशी पाहतात? या वयात लेखी परीक्षा नको. मूल काय करते याच्या नोंदी हव्यात.

७. साहित्य सुरक्षित आहे का? खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. तोंडात जाईल असा सुटा भाग, टोकदार कडा, उडणारा रंग नको.

भाषेची खास तपासणी

आपल्या मुलांची घरची भाषा मराठी, बाजारातली तेलुगू, शाळेतली बहुधा इंग्रजी. शिवाय २०१८ च्या कायद्यानुसार राज्यात पहिली ते दहावी तेलुगू हा विषय सक्तीचा आहे. त्यामुळे तीन लिप्या कधीतरी येणारच. पण तिन्ही एकदम तिसऱ्या वर्षी नकोत. बोलणे तिन्ही भाषांत चालू दे, लिपी मात्र एकेक येऊ दे. शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावे, असे धोरणच सांगते.

बाजारात मराठी म्हणून मिळणारे तक्ते पुष्कळदा हिंदी असतात. ओळखायची खूण सोपी: 'ळ' आहे का ते पाहा. 'ख'समोर सशाचे चित्र असेल, तर तो 'खरगोश' आहे. आपल्या मुलाला तो ससा दिसतो आणि 'ख'शी त्याचा मेळ बसत नाही.

शेवटी काय करावे

प्रवेशाआधी संच पाहायला मागा. अर्धा तास वर्गात बसू देतात का, ते विचारा. घरी एक-दोन पाने मुलापुढे ठेवा. ते बोलू लागते की गप्प होते, हे पाहा. सातपैकी पाच उत्तरे समाधानकारक असतील तर संच ठीक समजावा. मात्र पहिल्या व सातव्या प्रश्नात तडजोड करू नये. संच कमी पडला तरी शाळा बदललीच पाहिजे असे नाही. तीन-चार पालकांनी मिळून शिक्षिकेशी सौजन्याने बोलावे, रात्रीचे लिखाण कमी करून घ्यावे. उरलेले घरी भरून काढता येते: निवडायला घेतलेली डाळ, आजीची गोष्ट आणि शेतापर्यंतची एक फेरी. आम्ही पुढच्या वर्षी एवढेच केले. नातू आता कणीस ओळखतो, मोजतो आणि तीन भाषांत सांगतो.