डॉक्टरांना घरी कधी बोलवावे आणि कधी थेट रुग्णालय गाठावे?

पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावरील आंबेनळी घाटाच्या परिसरात अनेक घरांत वयस्कर माणसेच राहतात. मुले मुंबई-पुण्यात असतात. पावसाळ्यात दरड कोसळली की रस्ताही बंद होतो. अशा वेळी फॅमिली डॉक्टरांना घरी बोलावणे सोयीचे वाटते. पण प्रत्येक आजारात ते योग्य नसते.

घरी तपासणी कोणाला उपयोगी?
• पक्षाघात, खुब्याचे फ्रॅक्चर किंवा वार्धक्यामुळे अंथरुणाला खिळलेले रुग्ण
• कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्ण
• लघवीची नळी बदलणे, पाठीवरील जखमांचे ड्रेसिंग

रक्तदाब, साखर, ऑक्सिजन घरी तपासता येतो. एकच औषध दोन वेगळ्या नावांनी चालू असेल, तर तेही घरी सगळ्या गोळ्या समोर ठेवल्यावर लक्षात येते. मात्र नुसत्या अशक्तपणासाठी सलाईनचा आग्रह धरू नका.

डॉक्टरांची वाट कधी पाहू नये?
• छातीत दुखणे, दम लागणे, बेशुद्धी
• तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.
• सर्पदंश, विंचूदंश

लाल विंचू चावल्यावर उलट्या, दरदरून घाम आणि हात-पाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे आहेत. १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून अभ्यास केला. प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने हे रुग्ण वाचू शकतात, हे त्यांनी दाखवले. पण गोळी दिल्यावरही नाडी, रक्तदाब आणि श्वासावर तासन्‌तास लक्ष ठेवावे लागते. म्हणून रुग्णाला लगेच रुग्णालयात हलवा. १०८ वर फोन करा. जखम कापू नका, घट्ट आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

व्हिजिटपूर्वी तयारी
• सर्व गोळ्या, जुने रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवा.
• त्रास कधी सुरू झाला, ते लिहून ठेवा.
• एकाने मुख्य रस्त्यावर थांबून डॉक्टरांना वाट दाखवावी.
• रेंज कुठे मिळते आणि गाडी कोणाची मिळेल, हे आधीच ठरवा.
• नियमित औषधे पावसाळ्याआधी महिनाभर पुरतील इतकी आणून ठेवा.

फोनवरून सल्ला देण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. जुन्या आजाराच्या फेरतपासणीला हा मार्ग चांगला आहे. मात्र वरीलपैकी धोक्याचे लक्षण दिसल्यास फोनवर वेळ घालवू नका, रुग्णाला घेऊन निघा.