कयाकवर स्लीपिंग बॅग कोरडी कशी ठेवायची?

फोन घेताना ‘आयपी ६८’ आहे ना, हे आपण आधी बघतो. पण कयाकने मुक्कामाला जाताना स्लीपिंग बॅग साध्या सॅकमध्ये कोंबतो. फोन बंद पडला तरी रात्र निघते. ओल्या स्लीपिंग बॅगेत ती निघता निघत नाही. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट जास्त उष्णता वाहून नेतं. डिसेंबरात तापोळ्याला, कोयनेच्या बॅकवॉटरकाठी, हा फरक अंगाला लगेच कळतो.

ड्राय बॅग काय करते?

हिच्या कापडावर पाणी न झिरपणारा थर असतो आणि जोड शिवलेले नसून वितळवून चिकटवलेले असतात. तोंड गुंडाळून बंद करायचं. अशी बॅग शिंतोडे आणि क्षणभराची डुबकी सहन करते. बराच वेळ पाण्याखाली राहिली तर पाणी आत शिरू शकतं.

मी असं पॅक करतो

१. स्लीपिंग बॅग आधी जाड कचऱ्याच्या पिशवीत आणि मग ड्राय बॅगेत. एक थर फाटला तरी दुसरा असतो.
२. हवा दाबून काढायची, तोंड किमान ३ वेळा घट्ट गुंडाळायचं, मग बकल लावायचं.
३. झोपायचे कपडे आणि मोजे याच बॅगेत. ओला टॉवेल चुकूनही नाही.
४. बॅग कयाकला बांधायची. सिट-ऑन-टॉप कयाकच्या भोकांतून पाणी वर येतं, त्यामुळे तळाशी ओल असतेच.

कोणती स्लीपिंग बॅग?

पिसांची (डाऊन) बॅग हलकी, पण भिजली की पिसं चिकटतात आणि ऊब जाते. सिंथेटिक जरा जड, पण ओली झाली तरी थोडी ऊब धरते आणि लवकर वाळते. पाण्यावरच्या ट्रिपला मी सिंथेटिकच नेतो. खाली फोमची मॅट. बंद पेशींचा फोम पाणी शोषत नाही.

घरी टेस्ट करा

रिकाम्या ड्राय बॅगेत हवा भरून तोंड गुंडाळा आणि बादलीत दाबून धरा. बुडबुडे आले तर तिथे भोक आहे. तिथे पॅच लावा आणि पुन्हा तपासा.

आणखी एक: काठावर पोचल्यावर स्लीपिंग बॅग लगेच बाहेर काढू नका. आधी तंबू, मग अंगावरचे ओले कपडे बदला, झोपायच्या वेळीच ती उघडा. पाण्याकाठी दव भरपूर पडतं.