उत्तरेकडील उन्हाळा आणि नगरांतील उत्सव

उत्तर युरोपातील देशांची जी प्रवासवर्णने आपल्या वाचनात येतात, त्यांतील बहुतेकांत एक देखावा हटकून असतो. जून महिना उतरणीस लागला आहे, रात्रीचे दहा वाजले तरी आकाशातील उजेड हटत नाही, पानाफुलांनी मढविलेल्या एका उंच खांबाभोवती स्त्रीपुरुष व मुले फेर धरून नाचत आहेत, आणि प्रवासी मोठ्या कौतुकाने लिहून जातो की, हा प्राचीन सण येथे जसाच्या तसा चालत आला आहे. या विधानात सत्य आहे, पण ते अर्धेच. सण जुना आहे यात शंका नाही. परंतु स्टॉकहोम, कोपनहेगन, हेलसिंकी किंवा बर्गेन यांसारख्या नगरांत परक्या पाहुण्यास उन्हाळ्याचा जो उत्सव भेटतो, तो गेल्या पावणेदोनशे वर्षांत माणसांनी जाणूनबुजून घडविलेला आहे. शिवाय त्याची मूळ घडण बहुधा पाहुण्यासाठी झालेलीच नाही. ती झाली तटबंदीत कोंडलेल्या नागरिकांसाठी आणि खेडे मागे टाकून नगरात आलेल्यांसाठी. हा इतिहास ठाऊक असला म्हणजे तोच देखावा निराळा दिसू लागतो.

प्रथम त्या प्रकाशाचा हिशेब पाहू. मुंबईचा सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. स्टॉकहोमला तोच दिवस सुमारे साडेअठरा तासांचा, आणि डिसेंबरातील सर्वांत लहान दिवस जेमतेम सहा तासांचा. वर्षाच्या दोन टोकांत एवढे अंतर असल्यावर उन्हाळा हा तेथे नुसता ऋतू राहात नाही. हिवाळ्याचे सारे येणे त्याच्याकडून वसूल करावयाचे असते. ख्रिस्ती धर्माने या दिवसांतील उत्सवास संत योहानाच्या जन्मदिवसाशी, म्हणजे २४ जूनशी, जोडून दिले. डेन्मार्क, नॉर्वे व फिनलंड येथे या सणाला पाण्याच्या काठी मोठा जाळ करतात. आपल्याकडील मनुष्यास तो पाहून होळीची आठवण व्हावी. स्वीडनमध्ये जाळाचा मुख्य दिवस ३० एप्रिल हा आहे, आणि जूनच्या सणाचे चिन्ह तो हिरवा खांब. हा खांबही जर्मन मुलुखांतून मध्ययुगाच्या अखेरीस आला असावा असे अभ्यासक मानतात. तेथे तो मे महिन्यात उभारीत. पण स्वीडनच्या थंडीत मे महिन्यात पुरेशी पालवीच फुटलेली नसते, म्हणून तो जूनपर्यंत सरकला. प्राचीन म्हणून दाखविली जाणारी गोष्टही अशी हवापाण्याशी तडजोड करीत आलेली असते.

खेड्यातील सण नगरात आणला कोणी, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. परंतु त्याच्याही आधीचा एक प्रयोग कोपनहेगनमध्ये झाला. १८४३ साली ते नगर अद्याप तट आणि खंदक यांच्या आत होते. वस्ती लाखाच्या वर गेलेली, घरे दाटीची, आणि रात्री वेशी बंद होत. डेन्मार्कमध्ये तेव्हा राजाची अनियंत्रित सत्ता होती. राज्यघटना यावयास १८४९ साल उजाडावे लागले. अशा काळी गेओर्ग कार्स्टेन्सन नावाच्या एका उद्योगी गृहस्थाने आठवा क्रिस्तियान याच्याकडून पश्चिम वेशीबाहेरची लष्करी जागा मिळविली आणि १५ ऑगस्ट १८४३ रोजी तेथे ‘तिवोली’ ही बाग उघडली. लोक करमणुकीत रमले म्हणजे राजकारणाचा विचार करीत नाहीत, असे त्याने राजास पटविले अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, त्या काळच्या राज्यकर्त्यांचे मन तीत नेमके उतरले आहे. बागेत दिव्यांची आरास होती, शोभेचे दारूकाम होते, आणि लुंब्यू या संगीतकाराचा वाद्यवृंद होता. त्याच वर्षी हान्स क्रिस्तियान आंडरसन तेथे जाऊन आला, आणि तेथील चिनी थाटाच्या सजावटीने त्याच्या ‘बुलबुल’ या कथेस चालना दिली. पुढे तट पडले, नगर चहूकडे पसरले, आणि वेशीबाहेरची बाग नगराच्या मध्यभागी आली. तिच्यातील तळे हा त्या जुन्या खंदकाचाच उरलेला तुकडा होय. पाहुणा त्याच्या काठी चहा घेतो तेव्हा आपण एका तटबंदीच्या अवशेषावर बसलो आहोत हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

स्वीडनची कथा निराळी आहे. तेथे लोकांना तटबंदीचा जाच नव्हता; गावच त्यांच्या हातून सुटत चालला होता. १८६२ साली स्टॉकहोम ते गोथेनबर्ग हा लोहमार्ग पुरा झाला. स्टॉकहोमची वस्ती १८७० साली सुमारे १ लाख ३६ हजार होती, ती १९०० साली ३ लाख झाली. याच काळात अमेरिकेची वाट धरणाऱ्यांचीही रीघ लागली. १८५० नंतरच्या ऐंशी वर्षांत बारा लाखांहून अधिक माणसे स्वीडन सोडून तिकडे गेली. आर्टुर हाझेलियस हा भाषेचा अध्यापक १८७२ साली डालार्ना प्रांतात हिंडत असता त्याच्या लक्षात आले की, गावोगावचे वेगवेगळे पोशाख, घरांतील कोरीव काम, लग्नकार्यांतील रीती हे सर्व एका पिढीत नाहीसे होणार. त्याने तेथेच कपडे व भांडीकुंडी विकत घेण्यास आरंभ केला. १८७३ साली स्टॉकहोममध्ये त्याचा संग्रह लोकांस पाहावयास खुला झाला, आणि त्यातूनच आजचे नॉर्डिक संग्रहालय उभे राहिले.

परंतु काचेच्या कपाटात ठेवलेला घागरा मुका असतो. म्हणून हाझेलियसने अख्खी घरेच उचलून आणण्याचे ठरविले. डालार्नातील मोरा येथील एक लाकडी घर त्याने १८८५ मध्ये घेतले, आणि ११ ऑक्टोबर १८९१ रोजी स्टॉकहोमच्या यूरगोर्डन बेटावरील एका टेकडीवर ‘स्कान्सेन’ हे उघड्यावरील संग्रहालय सुरू झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील सुमारे दीडशे वास्तू आज तेथे आहेत. ओंडक्यांवर खुणा करून घर उतरवावयाचे, गाडीने आणावयाचे आणि पुन्हा त्याच क्रमाने रचावयाचे, ही त्याची पद्धत. घरांत त्याने डालार्नातील स्त्रिया त्यांच्या पोशाखासह माहिती सांगण्यास नेमल्या. या प्रांतातील स्त्रियांनी मजुरीसाठी स्टॉकहोमला येण्याचा आणि तेथे होड्या वल्हवून पोट भरण्याचा प्रघात जुना होता. आता त्यांचे गावच त्यांच्यामागून नगरात आले. १८९२ पासून स्कान्सेनवर जूनचा खांब उभा राहू लागला. १८९३ पासून ६ जून हा दिवसही तेथे साजरा होऊ लागला. तोच पुढे, १९८३ साली, स्वीडनचा राष्ट्रीय दिन ठरला. संग्रहालयाने पाडलेला पायंडा राष्ट्राने उचलला, असा हा विरळा प्रकार आहे.

हे उदाहरण शेजाऱ्यांनी लगेच गिरविले. डेन्मार्कमधील बर्नहार्ड ऑल्सेन याने १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात हाझेलियसचे दालन पाहिले, आणि पुढे कोपनहेगनमध्ये लोकजीवनाचे संग्रहालय व जुन्या घरांचे उघड्यावरील संग्रहालय अशी दोन्ही स्थापिली. हा ऑल्सेन काही वर्षे तिवोलीचा संचालक होता. करमणुकीची बाग आणि जतनाची बाग या दोहोंना जोडणारा दुवा अशा रीतीने एका मनुष्याच्या चरित्रातच सापडतो. नॉर्वेत हान्स आल याने १८९४ मध्ये लोकसंग्रहालय स्थापिले, आणि हेलसिंकीजवळच्या सेउरासारी बेटावर १९०९ मध्ये फिनलंडचे संग्रहालय सुरू झाले.

येथे एक आक्षेप घेता येईल, व तो क्षुल्लक नाही. घर मुळासकट उपटून टेकडीवर ठेवले म्हणजे त्यातील जीवन वाचले काय? चूल आहे, पण तिच्यावर रांधणारी सून नाही. गोठा आहे, पण मालक नाही. ही सर्व नटवी नाटकशाळा आहे असे कोणी म्हटले तर त्यास काय उत्तर द्यावे? आमच्या मते उत्तर असे की, स्कान्सेनने खेडे वाचविले नाही, आणि ते त्यास साधणारेही नव्हते. त्याने वाचविली ती खेडे सोडून आलेल्यांची एकत्र जमण्याची जागा. सेग्लोरा येथील लाकडी चर्च १९१६ मध्ये तेथे उभारले. आजही त्यात खरी लग्ने लागतात. ज्या वास्तूत लग्न लागते तिला निर्जीव म्हणणे कठीण आहे.

पाहुण्यावर डोळा ठेवून रचलेला उत्सव पाहावयाचा असेल तर बर्गेनकडे वळावे. १८९८ च्या उन्हाळ्यात एडवर्ड ग्रीगने आपल्या या जन्मगावी नॉर्वेच्या संगीताचा महोत्सव भरविला आणि वादनासाठी अ‍ॅमस्टरडॅमचा वाद्यवृंद आणविण्याचा आग्रह धरला. स्वदेशी संगीतास परकी वादक कशाला, असा मोठा वाद माजला. ग्रीग हटला नाही. आपले संगीत उत्तम रीतीने वाजले पाहिजे, वाजविणारा कोठला ही गोष्ट दुय्यम, हे त्याचे मत होते. त्या महोत्सवाचा वार्षिक पायंडा मात्र पडला नाही. १९४० ते १९४५ पर्यंतची जर्मन सत्ता भोगून झाल्यावर, फानी एल्स्टा या गायिकेच्या पुढाकाराने, साल्झबुर्गचा नमुना समोर ठेवून, १९५३ साली बर्गेनचा वार्षिक महोत्सव सुरू झाला. त्याचे उद्घाटन वृद्ध राजे सातवे हाकोन यांनी केले. पाहुणे यावेत ही इच्छा त्यामागे उघड होती, आणि तीत लाजण्यासारखे काही नव्हते.

उत्सवास जागा लागते तशी सवडही लागते, आणि सरकारी नोकरीत रजेचे नियम ज्यांना पाठ असतात त्या आमच्या वाचकांस पुढील तपशील रुचेल. १९३८ साली स्वीडन व डेन्मार्क या दोन्ही देशांत कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. स्वीडनमध्ये ती वाढत वाढत १९७८ मध्ये पाच आठवडे झाली. १९५३ मध्ये स्वीडनने जूनच्या सणाचा दिवसच बदलला. तो २४ तारखेऐवजी २० ते २६ या तारखांमधील शनिवारी येऊ लागला, म्हणजे सुटीस सुटी जोडून मिळाली. १९५५ मध्ये फिनलंडनेही तसेच केले. कायद्यापुढे संत योहानासही तारीख सोडावी लागली! परिणाम असा की, आज सणाच्या आदल्या शुक्रवारी स्टॉकहोम ओस पडते. बरीचशी दुकाने बंद, रस्ते रिकामे. ज्यांचे गावाकडे घर आहे ते तिकडे गेलेले असतात. ज्यांचे नाही ते, आणि परदेशचे पाहुणे, स्कान्सेनच्या टेकडीवर एकत्र येतात.

ही उन्हाळी संध्याकाळ त्या लोकांस किती मोलाची वाटते याचा पुरावा हवा असेल तर तो कोपनहेगनच्या इतिहासात आहे. जून १९४४ च्या अखेरीस, भूमिगत चळवळीचा सूड म्हणून, नाझींच्या हस्तकांनी तिवोलीत स्फोट घडवून तिचे संगीतगृह व इतर इमारती जाळल्या. त्याच सुमारास जर्मन सत्तेने नगरात रात्री आठ ते पहाटे पाच अशी संचारबंदी पुकारली. उत्तरेकडे जूनमध्ये रात्री आठ वाजता लख्ख ऊन असते. दुसऱ्याच दिवशी बुर्मायस्टर आणि वाइन या जहाजांच्या कारखान्यातील कामगार लवकर घरी निघाले. हा संप नव्हे, असे त्यांनी कळविले. संध्याकाळी बाहेर पडता येत नसल्याने शहराबाहेरच्या आमच्या बागांना पाणी घालण्यास दिवसाच गेले पाहिजे, एवढेच! हे लोण पसरत जाऊन सर्व नगराचा संप झाला. लोक बंदी मोडून रस्त्यांवर आले, चौकाचौकांत त्यांनी जाळ पेटविले. सत्तेने पाणी, वीज, गॅस तोडले, गोळीबार केला. सुमारे शंभर माणसे मेली. पण जुलैच्या आरंभी संचारबंदी मागे घ्यावी लागली, आणि तिवोली काही आठवड्यांतच तात्पुरत्या इमारतींनिशी पुन्हा उघडली. लोकांनी राजकारणाचा विचार करू नये म्हणून राजाने ज्या बागेस परवानगी दिली असे सांगतात, तिच्या राखेजवळ शंभर वर्षांनी लोक राजकारणच करीत होते.

म्हणून उत्तरेच्या नगरांत उन्हाळी उत्सव पाहावयास जाणाऱ्यास आम्ही एवढेच सुचवू. तिवोलीचे दिवे पाहावेत, पण ते तळेही न चुकता पाहावे. स्कान्सेनवर खांबाचा फेर पाहावा, पण त्याआधी मोराच्या त्या घराच्या उंबऱ्याशी थोडे थांबावे. बदलीच्या गावी चार घरे जमवून आपला सण मांडणाऱ्या आमच्या वाचकांस त्या उंबऱ्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आणि त्या फेरात कोणी हात पुढे केला, तर पाहुणेपण बाजूस ठेवून तो धरावा. तेथे नाचणाऱ्यांपैकी पुष्कळांचे आजे-पणजेही त्या नगरात एके काळी पाहुणेच होते.