नागभीडची छोटी गाडी: अडीच फुटांची गोष्ट

आज जंगलात जाऊ. म्हणजे तुम्ही आहात तिथेच थांबा, मी नेतो.

आमच्या मामाचं गाव भिवापूरजवळ. भिवापूर म्हटलं की लोकांना मिरची आठवते, मला गाडी आठवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरच्या इतवारी स्टेशनवरून छोटी गाडी पकडायची. कुही, उमरेड, भिवापूर करत ती शेवटी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडला पोचायची. शंभर-एकशेदहा किलोमीटरला चार-पाच तास. चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडायची आणि परत चढायचं, अशी फुशारकी इकडचा प्रत्येक मामा मारतो. माझ्या मामाने हे खरंच करून पाहिलं होतं, पण त्यात फक्त चप्पल गेली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ही गाडी बंद झाली. रूळ रुंद करायचे होते. त्यानंतरच्या एका हिवाळ्यात मावसभावाला सोबत घेऊन मी त्या मार्गावर एक दिवस पायी फिरलो. काही ठिकाणी रूळ गवतात गंजत पडले होते, काही ठिकाणी नुसती खडी. घाणेरीची झुडपं दोन्ही बाजूंनी आत सरकलेली. एका ओढ्यावर दगडी मोरी होती, अजून ठणठणीत. टेप लावून दोन रुळांमधलं अंतर मोजलं: ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवा, जवळपास तेवढंच. आपल्या नेहमीच्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर असतं.

आता एवढं अरुंद का? उत्तर सोपं आहे, पैसा. रूळ जवळ असले की वळण जास्त घेता येतं, भराव लहान लागतो, पूल लहान लागतो, रूळही हलके चालतात. आणि ही लाइन ज्या काळात झाली तो बघा. १८९६-९७ आणि १८९९-१९००, पाठोपाठ दोन दुष्काळ. मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मेली. दुष्काळी भागात धान्य पोचायचं तर रेल्वे हवी, हे सरकारी दुष्काळ आयोगाने १८८० मध्येच सांगून ठेवलं होतं. बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने गोंदियापासून इकडे अरुंद रूळ टाकले. १९०८ मध्ये गोंदिया-नागभीड-नागपूर असा मार्ग सुरू झाला, पुढे नागभीडहून सिंदेवाही, मूल करत चांदा फोर्टपर्यंत. अर्थात कंपनी काही धर्मादाय संस्था नव्हती. या जंगलातलं लाकूड, बांबू आणि झाडीपट्टीतला तांदूळ तिला दिसत होताच.

चांदा फोर्ट हे नाव लक्षात ठेवा. शहराचं नाव चंद्रपूर होऊन साठ वर्षं झाली, स्टेशन अजून ‘चांदा’च म्हणतं. शहरातलं दुसरं स्टेशन, चंद्रपूर, हे वर्धा-बल्लारशा मार्गावरचं. कंपन्या वेगळ्या, रूळ वेगळे, म्हणून एका गावाला दोन स्टेशनं. नागभीडच्या बाबतीतही तसाच एक गमतीदार घोळ आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी ‘ड’ऐवजी ‘र’ आहे, त्यामुळे बाहेरचे लोक आजही ‘नागभीर’ म्हणतात.

१९९० च्या दशकात गोंदिया ते चांदा फोर्ट ब्रॉडगेज झालं. नागपूरकडची फांदी मात्र अडीच फुटांचीच राहिली. आमच्या भाषेत सांगायचं तर अर्धी सिस्टीम अपग्रेड आणि अर्धी जुन्या व्हर्जनवर. नागभीडला दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहायच्या, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चढू शकत नव्हता. मधला अडॅप्टर म्हणजे माणसाचा खांदा. पोतं इकडून उचला, तिकडे टाका.

फिरताना एका जुन्या स्टेशनच्या बंद तिकीट खिडकीचा फोटो काढत होतो. शेळ्या चारणारे एक आजोबा थांबले. म्हणाले, “कायले फोटू काढतं बाप्पा? गाडी त गेली.” मी म्हटलं, मोठी येणार आहे. ते म्हणाले, “येईन. पण इथं थांबन का?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. छोटी गाडी प्रत्येक झाडाखाली थांबायची. दूधवाले, शाळेची पोरं, दवाखान्यात निघालेल्या बाया, सगळे तिच्यात. ती गेली तेव्हा मामी एसटीने जाऊ लागली आणि पहिल्याच महिन्यात तिकिटाचा हिशोब फोनवर ऐकवला.

दुसरा प्रश्न वाघांचा. हा मार्ग उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या भागातून जातो. नागझिऱ्याहून चालत आलेला आणि २०१६ मध्ये गायब झालेला तो प्रसिद्ध ‘जय’ वाघ इथलाच. ताडोबाकडे येणारी-जाणारी जनावरं हेच जंगल वापरतात. छोट्या गाडीचा वेग असा की जनावराला पळायला वेळ मिळायचा. मोठ्या गाडीचं काय होतं ते आपण पाहिलंय: नोव्हेंबर २०१८ मध्ये चांदा फोर्ट-गोंदिया मार्गावर, चिचपल्लीच्या जंगलात, वाघिणीचे तीन बछडे रेल्वेखाली गेले. ती लाइनही आधी अडीच फुटांचीच होती.

म्हणून ब्रॉडगेज नको, असं मी म्हणणार नाही. पुण्यात बसून मामाच्या गावाला हळू गाडीत ठेवणं मला जमणार नाही. गडचिरोलीचंच बघा, एवढ्या मोठ्या जिल्ह्यात कित्येक दशकं एकच स्टेशन होतं, वडसा. पण जंगलाच्या पट्ट्यात रूळ उचलून घ्या, खालून जनावरांना वाट ठेवा, एवढं मागणं जास्त नाही. पूल बांधायला पैसे लागतात हे मलाही कळतं. १९०८ मध्येही लागले होते.

जुनी इंजिनं बघायची असतील तर नागपुरात मोतीबागेला नॅरोगेज म्युझियम आहे, लहान मुलांना घेऊन जा. आणि भिवापूरकडे गेलात तर गावातल्या कुणाला तरी विचारा, ती दगडी मोरी कुठे आहे. नवीन भरावाखाली गेली नसेल तर दाखवतील. माझा टेप तिथेच राहिलाय.