जतचा ऑस्ट्रेलियन मास्तर

सोलापूर आणि कसोटी क्रिकेट यांचा संबंध विचारला तर जाणकार एकच नाव सांगतात : पॉली उम्रीगर. पहलन रतनजी उम्रीगर यांचे जन्मगाव म्हणून सोलापूरची नोंद होते. वडिलांचा कापडाचा व्यवसाय इथे होता आणि शाळकरी वयात ते कुटुंबासह मुंबईला गेले. पुढचे सारे मुंबईचे. आमच्या वाट्याला जन्मनोंद आली, एवढेच. त्यावर अभिमान बाळगायला माझी हरकत नाही, पण या मुलखाचा क्रिकेटशी आलेला याहून खोल संबंध सोलापुरात नाही, मंगळवेढ्यावरून पुढे गेल्यावर लागणाऱ्या जतमध्ये आहे. आज जत सांगली जिल्ह्यात मोडते. १९४८ पर्यंत ते डफळे घराण्याचे संस्थान होते. आणि दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीच्या दोन-तीन वर्षांत, केव्हातरी, जगातला त्या काळचा सर्वाधिक कसोटी बळी घेतलेला गोलंदाज तिथे मास्तर म्हणून आला होता.

त्याचे नाव क्लॅरी ग्रिमेट. मी पेशाने यंत्रमागाच्या कारखान्यातला हिशेबनीस. इंग्रजी शिकलो ते बरेचसे जुनी धावफलके वाचून. त्यामुळे माणूस ओळखायचा तर आधी त्याचे आकडे मांडायचे, ही सवय. ग्रिमेटचे आकडे असे : ३७ कसोटी, २१६ बळी. कसोटीत दोनशेचा टप्पा ओलांडणारा तो पहिला गोलंदाज. पदार्पण वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, १९२५ मध्ये सिडनीला, इंग्लंडविरुद्ध. दोन्ही डावांत मिळून ८२ धावांत ११ बळी.

तेहतिसावे वर्ष का, याचे उत्तर त्याच्या भटकंतीत आहे. जन्म १८९१ च्या नाताळचा, न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनजवळचा. वेलिंग्टनकडून खेळला. त्या काळी न्यूझीलंडला कसोटी दर्जाच नव्हता, म्हणून १९१४ मध्ये सिडनीला गेला. तिथे त्याला कोणी फारसे विचारले नाही. मग मेलबर्न. व्हिक्टोरियाकडूनही मोजकेच सामने मिळाले. शेवटी १९२४ मध्ये ॲडलेड, आणि तिथे तो रुजला. पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पाटी रंगवणाऱ्याचा हात स्थिर लागतो आणि अक्षराची जागा आधी डोळ्यांनी मोजावी लागते. त्याच्या गोलंदाजीबद्दल लिहिणाऱ्यांनी वारंवार उल्लेखलेला गुण हाच : चेंडू हवा तिथेच पडायचा. घराच्या अंगणात खेळपट्टी करून तो एकटा सराव करी. पाळलेल्या कुत्र्याला त्याने आठ चेंडू टाकून होईपर्यंत थांबायला आणि मग ते सारे गोळा करून आणायला शिकवले होते, असे सांगतात. ऑस्ट्रेलियात तेव्हा षटक आठ चेंडूंचे असे. म्हणजे कुत्र्यालासुद्धा षटक मोजता येत होते!

लेगब्रेक आणि गुगली त्याच्या आधीही होते. ग्रिमेटने वर्षानुवर्षे खपून तयार केलेला चेंडू म्हणजे फ्लिपर. बोटांच्या चिमटीतून निसटलेला, टप्पा पडल्यावर अपेक्षेपेक्षा खाली राहून सरळ आत येणारा.

१९३५-३६ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात पाच कसोटींत त्याने ४४ बळी घेतले. त्यानंतर तो एकही कसोटी खेळला नाही. वय ४४ होते हे खरे, पण ज्याने नुकतेच असे ४४ बळी घेतले त्याला वयाचे कारण कोण देणार? १९३६-३७ च्या इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत त्याला घेतले नाही, १९३८ च्या इंग्लंड दौऱ्यावरही नेले नाही. त्याच्या जागी फ्रँक वॉर्ड गेला. संघाचा कर्णधार आणि निवड समितीतला एक सदस्य होता डॉन ब्रॅडमन, जो एव्हाना दक्षिण ऑस्ट्रेलिया संघातही ग्रिमेटचा कर्णधार होता. ग्रिमेटचा जोडीदार बिल ओ'रायली याने या निर्णयाचा राग आयुष्यभर बाळगला. खुद्द ग्रिमेटने आपली बाजू चेंडूने मांडली. नोव्हेंबर १९३७ मध्ये ॲडलेडला त्याच्या आणि व्हिक रिचर्डसनच्या मदतीसाठी सामना ठेवला होता. गर्दी यायची ती ब्रॅडमनची फलंदाजी बघायला, आणि गर्दीवर दोघांची थैली अवलंबून. ग्रिमेटने ब्रॅडमनचा १७ धावांवर त्रिफळा उडवला. 'याला आता लेगब्रेक टाकता येत नाही' असे ब्रॅडमन म्हणाला होता आणि हे त्याचे उत्तर होते, अशी कथा आहे. रिचर्डसनला मात्र बुडालेल्या पैशांचे दुःख झाले. माझ्यातला हिशेबनीस रिचर्डसनच्या बाजूचा.

असा हा डावललेला माणूस जतच्या राजेसाहेबांनी, विजयसिंहराव डफळे यांनी, प्रशिक्षक म्हणून आणला. राजेसाहेबांना क्रिकेटचा नाद होता आणि मोठमोठ्या संस्थानिकांच्या पंगतीत आपलेही पान असावे ही हौस होती. पतियाळा, बडोदा, होळकर यांच्यापुढे जत म्हणजे किती! पण हौसेला संस्थानाची लांबी-रुंदी लागत नाही.

इथे मला थांबावेसे वाटते. जत तेव्हाही दुष्काळी होते. बाजरी-ज्वारी आली तर आली, नाहीतर बिऱ्हाड पाठीवर. संस्थानाची तिजोरी भरायची ती याच शेतसाऱ्यातून. आणि इकडे सोलापूरने १९३० च्या मे महिन्यात लष्करी कायदा सोसला होता. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन फासावर गेले होते. त्यानंतर पुरते दशकही उलटायच्या आत, एसटीने दोन-अडीच तासांच्या अंतरावर, एक राजा परदेशी मास्तर ठेवून चेंडू वळवायला शिकतो. क्रिकेटच्या इतिहासकारांना यात गंमत दिसते. मला हे चित्र नुसते गमतीचे वाटत नाही. पण तो खर्च पाण्यात गेला असेही म्हणता येत नाही, कारण राजेसाहेबांच्या पदरी असलेला एक तरुण त्या शिकवणीला होता : सांगलीचा विजय हजारे.

हजाऱ्यांचा जन्म ११ मार्च १९१५ चा. वडील शिक्षक, घरात भावंडे पुष्कळ. मराठी बोलणारे ख्रिस्ती कुटुंब. पंचरंगी सामन्यांच्या त्या जमान्यात संघ धर्मावर बनत, त्यामुळे हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन यांच्यात न बसणाऱ्यांचा 'द रेस्ट' हा संघ १९३७ पासून झाला तेव्हा कुठे त्यांना त्या स्पर्धेत जागा मिळाली. पैसे घेऊन खेळण्याची पद्धत आपल्याकडे उघड नव्हती. संस्थानात नोकरी मिळे, हुद्दा मिळे, आणि काम म्हणजे क्रिकेट. हजारे जत, देवास, बडोदा असे दरबार करत गेले. आजच्या भाषेत सांगायचे तर हे व्यावसायिक क्रिकेटच होते, फक्त पगारपत्रकावर शब्द वेगळा असे.

ते आधी मुख्यतः गोलंदाज म्हणून ओळखले जात. फलंदाजीकडे अधिक लक्ष दे, असे ग्रिमेटने त्यांना सांगितल्याचे म्हणतात. हजाऱ्यांची उभे राहण्याची ढब विचित्र होती. बॅट दोन्ही पायांच्या मध्ये, पॅडांच्या आत धरलेली. कुठल्याही शाळामास्तराने पहिल्या दिवशी हातावर छडी मारून ती सुधारली असती. ग्रिमेटच्या शिकवणीनंतरही ती तशीच राहिली, हे पुढची पंधरा वर्षे जगाने पाहिले. स्वतः दोन देश आणि चार संघ फिरून, खांद्याच्या खालून येणारा विचित्र हात घेऊन मोठा झालेला माणूस दुसऱ्याच्या विचित्रपणाला हात लावत नाही, याचे मला नवल वाटत नाही. मास्तरकीतला हा भाग शिकवण्याच्या भागापेक्षा अवघड असतो. काय सोडून द्यायचे हे कळायला आधी पुष्कळ भोगावे लागते.

फळ यायला वेळ लागला नाही. १९३९-४० मध्ये पुण्याला महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६. रणजी करंडकातले ते पहिले त्रिशतक. १९४३-४४ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध 'द रेस्ट'च्या ३८७ धावांपैकी एकट्या हजाऱ्यांच्या ३०९. दुसऱ्या बाजूला भाऊ विवेक पाय रोवून उभा. त्यांच्या ३०० धावांच्या भागीत विवेकच्या धावा २१. धावफलक म्हणून मी याहून मायाळू कागद पाहिलेला नाही.

मग १९४७-४८. स्वतंत्र भारताचा पहिला दौरा, तोही ऑस्ट्रेलियाचा, कर्णधार लाला अमरनाथ. डिसेंबरात सिडनीच्या ओल्या खेळपट्टीवर ऑस्ट्रेलिया १०७ धावांत गारद झाला. हजारे २९ धावांत ४. त्या चारांत ब्रॅडमन होता : त्रिफळा हजारे, १३. जानेवारीत ॲडलेडला, म्हणजे ग्रिमेटच्या स्वतःच्या गावात, ब्रॅडमनने २०१ केल्या आणि पुन्हा त्रिफळा हजारे. ज्या ब्रॅडमनच्या संघात ग्रिमेटला जागा उरली नव्हती, त्याच्या यष्ट्या एकाच मालिकेत दोनदा ग्रिमेटच्या जतच्या शिष्याने पाडल्या. यात सूड वगैरे काही नाही. हजारे तसे माणूसच नव्हते, अबोल आणि भिडस्त. पण धावफलकावर या नोंदी आहेत आणि मला त्या लागोपाठ वाचायला आवडतात.

ऑस्ट्रेलियाच्या ६७४ धावांपुढे भारताने ३८१ केल्या. त्यात हजारे ११६ आणि मूळचे कोल्हापूरचे दत्तू फडकर १२३. सांगली-कोल्हापूरच्या दोघांनी मिलर-लिंडवॉलला तोंड दिले. फॉलोऑननंतर लिंडवॉलने ३८ धावांत ७ बळी घेतले, सहा जण शून्यावर गेले, आणि हजाऱ्यांनी १४५ केल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. भारत एक डाव १६ धावांनी हरला.

काही आठवड्यांनी, मार्चमध्ये, दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. जतही त्यात होते. प्रजेसाठी ते चांगलेच झाले. खेळाडूंच्या पगाराचा प्रश्न मात्र उरला, आणि तो लँकेशायरच्या गिरणगावांनी सोडवला. हजारे तिकडच्या रॉटनस्टॉल क्लबकडे व्यावसायिक म्हणून खेळले, फडकर नेल्सनकडे, विनू मांकड हॅसलिंग्डनकडे. शनिवारी गिरणीचे भोंगे थांबले की कामगार पैसे देऊन बघायला येत. सोलापूरच्या वाचकाला हे चित्र समजावून सांगायची गरज नाही.

जतमध्ये आता ग्रिमेटचे नाव घेतले तर लोक नम्रपणे पुन्हा विचारतात, कोण म्हणालात? मी तिथे गेलो तेव्हा बसस्थानकासमोरच्या हॉटेलात एका वृद्ध गृहस्थांनी राजेसाहेबांच्या क्रिकेटवेडाच्या आठवणी ऐकवल्या, त्यात गोरा साहेब होता, पण नाव नव्हते. शेजारी बसलेल्या त्यांच्या नातवाने मोबाईलवर शेन वॉर्न दाखवला आणि विचारले, "हा का?" फ्लिपरच्या वंशावळीने पाहिले तर मुलगा फार लांब गेला नव्हता.

हजारे ३० कसोटी खेळले, ४७.६५ च्या सरासरीने २१९२ धावा केल्या. १४ कसोटींत ते कर्णधार होते आणि त्यातली एक फेब्रुवारी १९५२ ची मद्रासची. मांकडनी दोन्ही डावांत मिळून १२ बळी घेतले, भारताने इंग्लंडला एक डाव ८ धावांनी हरवले. आपला हा पहिलाच कसोटी विजय. त्या डावात १३० धावा करून नाबाद परतलेला फलंदाज पंचवीस वर्षांचा होता आणि त्याचे ते पहिले कसोटी शतक होते. जन्मगाव : सोलापूर.